दुपारचं पाणी

सून: बाबा, उठा. उठा आधी.

सासरे: काय झालं? आत्ता कुठे डोळा लागला होता.

सून: दीड तास झोपलात. बूट कुठे काढून ठेवले होते तुम्ही?

सासरे: त्या चपट्या दगडावर.

सून: तो दगड दिसतोय का बघा. माझाही डोळा लागला होता, जाग आली तर तुमचे बूट पाण्यात निघालेले. एक पकडला. दुसरा गेला.

सासरे: पाणी वाढलंय होय.

सून: वाढतंय अजून. सकाळी आपण काठावरून या बेटावर आलो तेव्हा माझे घोटे जेमतेम भिजले होते. तुम्ही ज्या ओंडक्यावर पाय देऊन आलात तो बघा आता. शेंडापण दिसत नाही.

सासरे: घाबरू नकोस. आभाळ कसं निळंभोर आहे. ढगाचा ठिपका नाही. चौतीस वर्षं पंपहाउसवर नदीच्या पातळीची पट्टी वाचली मी, दर तासाला. पाऊस नसताना नदी चढत नसते. वर कुठल्या तरी बंधाऱ्याचं दार उघडलं असेल. उतरेल आत्ता.

सून: या खोऱ्यात बंधारा नाही. वर नुसता बर्फ आहे.

सासरे: मग बर्फाला काय आजच सुचलं?

सून: मला काय माहीत. रंग तरी बघा. सकाळी तळातले खडे मोजता येत होते. आता राख कालवल्यासारखं झालंय. मी जाते पुढे, बघते किती खोल आहे.

सासरे: बस म्हणतोय ना. आधी मोजू, मग ठरवू.

सून: तुम्ही मोजा. काठ तीस पावलांवर आहे. काठी द्या इकडे.

सासरे: अगं, हट्ट करू नकोस. बरं, हळू. बूट काढू नकोस. काठी वरच्या अंगाला टेकव. किती आहे?

सून: गुडघ्याएवढं. गार आहे. खूप गार आहे.

सासरे: आता?

सून: मांडीपर्यंत. बाबा, पायाला खालून काहीतरी लागतंय.

सासरे: मासा असेल.

सून: मासा नाही. दगड आहेत. दगड गडगडतायत पाण्याखाली. तुम्हाला आवाज येतोय? वरच्या मजल्यावर कुणी कपाट ओढावं तसा.

सासरे: मागे फीर.

सून: अजून थोडंच गेलं की...

सासरे: मागे फीर म्हणतो मी. खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ. एक पाऊल. अजून एक. हात दे. धरलं. धरलं तुला. बस खाली.

सून: एक पाय उचलला की दुसरा जागेवर राहत नव्हता. मला वाटलं, गेले मी.

सासरे: किती थरथरतेस.

सून: थांबेल. पहिली पाच मिनिटं होतंच असं. नाकाने श्वास घ्यायचा, तोंडाने सोडायचा. बोटं हलवत राहायची.

सासरे: हे मला सांगतेस की स्वतःला?

सून: स्वतःला. वॉर्डात पेशंटला सांगते, आज मलाच सांगते.

सासरे: काठी दे. ही इथे रोवली, पाण्याच्या कडेला. या खाचेशी पाणी आहे. घड्याळ बघ.

सून: दीड वाजलाय. फोनला सिग्नल नाही. सकाळपासूनच नाही.

सासरे: दहा मिनिटं थांबायचं. तोवर ते मोजे पिळून घाल.

सून: तुमच्या पायात एकच बूट आहे.

सासरे: असू दे. कुठे मिरवायचंय.

सून: ही खाऊची डबडी, स्वेटर, सगळं वरच्या दगडाशी नेऊन ठेवते. बाबा, काठीकडे बघताय ना?

सासरे: तिच्याशिवाय दुसरं काय बघतोय. किती झाली?

सून: दहा.

सासरे: दोन बोटं.

सून: म्हणजे?

सासरे: म्हणजे दोन बोटं चढलं.

सून: ते कळलं. पुढे काय?

सासरे: हिशेब करतोय.

सून: मग मोठ्याने करा. मी लहान मूल नाही.

सासरे: हे बेट जिथे सगळ्यात उंच आहे, त्या मोठ्या खडकाच्या बुडाशी, तिथवर पाणी यायला अजून गुडघाभर चढायला हवं. दहा मिनिटांना दोन बोटं म्हणजे दोन तास. पुढे खडक आहे, माणूसभर उंच. त्याच्यावर चढून बसता येईल.

सून: साडेतीनपर्यंत बेट. मग खडक. आणि मग?

सासरे: मग उतरेल.

सून: कशावरून? ऊन सातपर्यंत असतं इथे. काल संध्याकाळी आपण जेवताना समोरच्या शिखरावर ऊन होतं. बर्फ तोवर वितळत राहणार.

सासरे: पोरगा कधी परत येणार?

सून: कडा चढून त्यांची तुकडी सहाला खाली येणार. मग तो अंघोळ करणार, मग आपण कुठे म्हणून विचारणार. पण आई आहेत ना हॉटेलवर. आपण जेवायला आलो नाही म्हटल्यावर त्या कुणाला तरी सांगतील.

सासरे: नाही सांगणार.

सून: का?

सासरे: मीच तिला म्हटलं होतं, उशीर होईल, वाट बघू नकोस.

सून: पण आपण तर जेवायला परत जाणार होतो.

सासरे: ते बघ, पलीकडच्या वाटेवर. माणसं आहेत.

सून: कुठे? हो. लाल जाकीट. तिघं आहेत. अहो, थांबा, ओ...

सासरे: या आवाजात हाक कुठे पोचणार. घसा फोडू नकोस.

सून: बॅगेच्या पट्ट्याला शिट्टी असते. ही. थांबले, थांबले ते. बघतायत. हात करा बाबा, दोन्ही हात वर करा.

सासरे: करतोय. आले का?

सून: त्यांनीपण हात केला.

सासरे: मग या म्हणावं लवकर.

सून: बाबा, ते नुसताच हात करतायत. त्यांना वाटतंय आपण सहलीला बसलोय. फोटो काढतायत आपला.

सासरे: ओढणी हलव. शिट्टी वाजव अजून.

सून: वाजवतेय. बघा ना, ती बाई हसतेय. तिने परत हात केला. चालले ते.

सासरे: वळणावर थांबतील.

सून: नाही थांबले. गेले.

सासरे: शिट्टी जपून वाजव. दम राहू दे अंगात.

सून: ते माझ्याकडे बघून हसत होते, आणि मी इकडे जिवाच्या आकांताने हात हलवत होते.

सासरे: त्यांचा काय दोष. निळं आभाळ, दोन माणसं, नदीच्या मधोमध. मीही हसलो असतो.

सून: खडकावर चला. आत्ताच चढू, खडक कोरडा आहे तोवर. तुम्ही आधी. या खाचेत पाय द्या. बूट नसलेला नको, दुसरा. हं. आता मला वर घ्या.

सासरे: आलीस? सरकून बस. अंगाला अंग लागू दे, ऊब राहील.

सून: तुम्हाला पोहता येतं ना? वेळ आलीच तर?

सासरे: नाही.

सून: चौतीस वर्षं पाण्यावर काढली म्हणता.

सासरे: पाण्यावर नाही, काठावर. पट्टी वाचायला पोहावं लागत नाही.

सून: घरात कुणाला माहीत आहे?

सासरे: कुणाला नाही. मुलाला सातव्या वर्षी तलावावर पोहायला घातलं ते त्याच भीतीने. मी काठावर त्याचे कपडे सांभाळत बसायचो. सर्दी झालीय म्हणायचो.

सून: दर रविवारी सर्दी?

सासरे: चार वर्षं. तू हसतेस.

सून: मी हसत नाहीये. दात वाजतायत माझे. बाबा, आईंना उशीर होईल असं का सांगितलंत?

सासरे: काठीची खाच बुडाली बघ पार.

सून: मी विचारलं काहीतरी.

सासरे: तुला एक सांगायचंय. सांगितल्यावर तू बोलणार नाहीस माझ्याशी, पण आता लपवून काय करू. सकाळी थर्मास भरताना हॉटेलच्या मालकीणबाई मला म्हणाल्या होत्या. शक्यतो बेटावर जाऊ नका, गेलात तर बाराच्या आत परत या, ऊन चढलं की पाणी चढतं.

सून: तुम्हाला म्हणाल्या होत्या.

सासरे: मला. तू वर बॅग भरत होतीस.

सून: आणि साडेअकराला मी निघूया म्हणाले, तेव्हा तुम्ही म्हणालात, बस जरा, घाई काय आहे.

सासरे: हो.

सून: तुम्हाला माहीत होतं.

सासरे: माहीत होतं, पटलं नव्हतं. वाटलं, हॉटेलवाले प्रवाशांना भीती घालतात तशी घातली. ढग नाही, पाऊस नाही, पाणी चढेलच कशाने. मला काय पाणी शिकवायचं.

सून: पण मला सांगायचं होतं ना. मी ठरवलं असतं.

सासरे: सांगितलं असतं तर तू लगेच उठली असतीस. आणि मला तुझ्याशी बोलायचं होतं. एकटीशी.

सून: काय बोलायचं होतं?

सासरे: परवा रात्री भिंतीपलीकडून ऐकलं मी. तुमची खोली आणि आमची खोली यांच्यात फळ्याच आहेत नुसत्या. तुला नर्सिंग कॉलेजची मुख्य म्हणून बोलावलंय, नऊ तास लांबच्या गावाला. तोही तिकडे नोकरी बघणार. ही सहल संपली की तुम्ही आम्हाला सांगणार होतात.

सून: म्हणून तुम्ही मला चालायला घेऊन आलात.

सासरे: जाऊ नकोस म्हणायचं होतं. सकाळपासून तीनदा तोंड उघडलं. एकदा तू खडे वेचत होतीस, एकदा फोटो काढत होतीस. तिसऱ्यांदा तू माझ्याकडेच बघत होतीस, तर मलाच धीर होईना. म्हणून डोळे मिटले. झोपल्याचं सोंग केलं आणि खरंच झोप लागली.

सून: तुमच्या सोंगापायी आपण इथे बसलोय.

सासरे: हो.

सून: पाण्यानं त्या झुडपाचं खोड गाठलंय बघा. मघाशी मी तिथे डबे पुसत बसले होते. तुम्हाला कळतंय का मी किती घाबरलेय? आणि तुम्हाला ऐकवायचंय ते सगळं अजून बाकीच आहे.

सासरे: ऐकव. मी कुठे जातोय उठून.

सून: मग ऐका. तो म्हणत होता, आईबाबांना बरोबर नेऊ, तीन खोल्यांचं घर देणार आहेत. मीच नको म्हणाले.

सासरे: ते नव्हतं ऐकलं.

सून: हळू म्हणाले मी.

सासरे: का नको म्हणालीस? मोठ्याने बोलतो म्हणून?

सून: मोठ्याने बोलण्याचं काही नाही. तुम्ही कधी विचारत नाही, नुसतं सांगता. आठ वर्षं झाली. भाजी काय आणायची, पंखा कितीवर ठेवायचा, मी रात्रपाळी घ्यायची की नाही. आजसुद्धा. बस जरा.

सासरे: खरं आहे.

सून: असं म्हणू नका. भांडा तरी.

सासरे: भांडायला अंगात जोर कुठे आहे. सुनेच्या तोंडून खरं ऐकायला भरनदीत येऊन बसावं लागलं, एवढंच. पाय वर घे, शिंतोडे येतायत.

सून: किती वाजले, बघवत नाही मला.

सासरे: सव्वातीन. माझ्या हिशेबापेक्षा लवकर आलं. हे घे, माझा स्वेटर पायांवर घाल.

सून: तुम्हाला थंडी वाजेल.

सासरे: वाजतेच आहे. घाल. आणि एक ऐक. तुला पोहता येतं. अजून अर्ध्या तासाने धार याहून जोरात असेल. तू एकटी...

सून: नाही. या पाण्यात पोहणं उपयोगाचं नाही. दोन मिनिटांत हात लाकडासारखे होतात, मी बघितलीयत अशी माणसं. पुन्हा म्हणू नका.

सासरे: बरं.

सून: तुम्हाला भीती वाटत नाही का हो?

सासरे: मघापासून मी त्या समोरच्या झाडाची पानं मोजतोय. सत्तरपर्यंत गेलो की विसरतो, मग परत एकपासून.

सून: शिट्टी तुम्ही वाजवा आता. माझे ओठ बधिर झालेत.

सासरे: जोराने नाही येत. तुझ्यासारखी नाही येत.

सून: वाजवा तशीच. थांबा. काठावर काहीतरी हललं. झाडांमागे. माणूस आहे. बाबा, माणसं आहेत, दोरखंड आहे त्यांच्याजवळ.

सासरे: हात करून निघून जातील परत.

सून: नाही. त्यांनी डोक्यावर टोप घातलेत. रबरी होडी आहे. वरच्या अंगाने पाण्यात सोडतायत, दोन्हीकडून दोर धरून. एक जण बसलाय तिच्यात. येतोय, बाबा. येतोय तो.

दोरवाला: हलू नका कुणी. बसल्या जागी बसा. खडकाला होडी लागेपर्यंत उठायचं नाही. लागलंय का कुणाला?

सून: नाही. हे गारठलेत. यांच्या एका पायात बूट नाही.

दोरवाला: ठीक. होडीत माझ्याशिवाय एकच माणूस मावतो. एकाला सोडून परत यायला दहा मिनिटं लागतील. आधी कोण?

सासरे: ही.

सून: हे. यांना पोहता येत नाही.

दोरवाला: पोहायचं कुणालाच नाही, बाई. वाद घालायला वेळ नाही. ज्याला जास्त भीती वाटतेय तो आधी. घाबरलेला माणूस मागे एकटा ठेवत नसतो आम्ही.

सून: बाबा?

सासरे: मी.

दोरवाला: या मग. हे जाकीट घाला. पाय आधी, बूड मागून. बाई, तुम्ही खडकाला दोन्ही हातांनी धरा आणि माझ्याकडे बघत राहा, पाण्याकडे नाही.

(होडी निघाली तशी ती खडकावर एकटी उरली. आठ वर्षांत सासऱ्यांनी कशाला भितो असं म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं, आणि आज एका शब्दात म्हणून ते निघूनही गेले होते. तिला क्षणभर राग आला, मग रागही गेला, कारण पाणी खडकाच्या पहिल्या खाचेत शिरलं. तिने होडीकडे बघायचं ठरवलं होतं, पण होडी मधल्या धारेत एकदम खाली ओढली गेली, दोर ताणला, आणि तिने डोळे मिटून घेतले. दगड गडगडत होते. वॉर्डातलं सगळं तिचं स्वतःशी म्हणून झालं, नाकाने श्वास, तोंडाने श्वास, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. तिला आपल्या आईची आठवण आली, नवऱ्याची आली, मग कुणाचीच येईना, नुसता आवाज राहिला. डोळे उघडले तेव्हा काठावर सासरे उभे होते. कुणीतरी त्यांना घोंगडीत गुंडाळत होतं आणि ते ती झटकून पुढे येऊ बघत होते. दोन माणसांनी त्यांना धरून ठेवलं होतं. होडी परत फिरली होती.)

दोरवाला: बसा इथे, दोघंही. घोंगडी घट्ट ओढून घ्या. हा पेला धरा, गरम पाणीच आहे, साखर घातलीय.

सून: तुम्हाला कळलं कसं?

दोरवाला: तिघं जण वरच्या खोपटात चहाला थांबले. तिथल्या बाईला तुमचा फोटो दाखवला, किती छान जागा, आम्हालाही जायचंय, कुठून वाट आहे म्हणून. बाईने फोटोवरची वेळ बघितली आणि चहा टाकून आम्हाला फोन लावला. अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतं. गेल्या वर्षी झालं होतं अवघड.

सून: इथेच?

दोरवाला: या बेटावरच. जाऊ दे ते. मला एक कागद भरावा लागतो. बाराच्या आत परता असं इथे सगळ्यांना सांगतात. तुम्हाला सांगितलं नव्हतं कुणी?

सून: म्हणजे, सकाळी आम्ही जरा गडबडीत...

सासरे: सांगितलं होतं. मालकीणबाईंनी मला सांगितलं. मी हिला सांगितलं नाही.

दोरवाला: असंच लिहू?

सासरे: असंच लिहा. नोंद खरी हवी.

दोरवाला: मी गाडीपाशी आहे. कागद तयार झाला की सहीला आणतो. तोवर उठू नका.

सून: सांगायची काय गरज होती त्याला.

सासरे: विचारलं त्याने.

सून: तुम्ही आधी आलात, ते बरं केलंत. मागे राहिला असतात तर तुमचं काही खरं नव्हतं.

सासरे: मला मोठेपणा देऊ नकोस. भीती वाटली म्हणून आलो. होडी निघाल्यावर मागे वळून बघितलं तर तू डोळे मिटून बसलेलीस. तेव्हा कळलं काय केलं मी. त्या माणसाला म्हटलं, फिरव. तो फिरवेना.

सून: फिरवून चाललं नसतं.

सासरे: तेच म्हणाला तो.

सून: पाणी प्या. निवतंय.

सासरे: घरी गेल्यावर तुझ्या नोकरीचं आईला मी सांगतो. तू सांगितलंस तर ती रडेल. मी सांगितलं तर भांडेल. भांडलेली बरी.

सून: काय सांगणार?

सासरे: की तुम्ही दोघं जाताय. आम्ही आहोत तिथे आहोत. सुट्टीत याल तुम्ही.

सून: बाबा, ते मी म्हणाले ना, ते खडकावर...

सासरे: खरं होतं ते. भीतीने खोटं बोलतो माणूस, तू खरं बोललीस. त्यात बदल करू नकोस आता.

सून: तो माणूस आला कागद घेऊन. सही करायचीय तुम्हाला. बाबा, हात सोडा माझा. बोटं दुखायला लागलीयत.

सासरे: त्याला म्हणावं, दोन मिनिटं थांब.